एक रवण वेगळी

गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव बाहेरच्या माणसाला रेणुकादेवीमुळे माहीत असतं. गावातल्या बाईला त्याहून जास्त कामाचा आठवडी बाजार. तेल-मीठ, लेकराची वही, अडीनडीला दवाखान्याचे शे-दोनशे, यातलं बरंचसं कोंबडीच्या जिवावर भागतं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, खुराड्याचा हिशेब बाईकडे असतो आणि तो तिला कुणी विचारत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली कोंबड्या-बदकं ८५ कोटी १८ लाख भरली. त्यातली ३१ कोटी ७० लाख परसातली. २०१२ पासूनच्या सात वर्षांत परसातल्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली, तर पोल्ट्रीफार्ममधली वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहिली. एवढी वाढ काही नुसती घरची कोंबडी रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, बसून होत नाही. बाजारातून, पाहुण्याकडून, सरकारी योजनेतून नव्या कोंबड्या सतत कुणाच्या ना कुणाच्या घरी येत असतात.

आलेली कोंबडी पहिल्या रात्री ठेवायची कुठे, यावरून दोन जावांत जुंपलेला हा वाद. चुली वेगळ्या, अंगण एकच. थोरलीनं जन्मभर कोंबड्या पोसल्या. धाकटी बचतगटातून ‘उमेद’ या सरकारी अभियानाची पशुसखी झाली आणि लस टोचायला शिकली. दोघी कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गल्लीत ऐकायला मिळेल.

धाकटी : आक्का, बाजारातून आणलेल्या त्या दोन तलंगा आज खुराड्यात सोडू नका. काही दिवस वेगळ्या ठेवू.

थोरली : कामून? म्या काय पहिल्यांदा आणली का कोंबडी? अंधार पडला की गुपचूप खुराड्यात सोडायच्या. सकाळी जुन्यांना वाटतं, ह्या कालपास्नं हितंच हायत. दिवसाउजेडी सोडल्या तर टोचून टोचून डोक्याचं कातडं काढतात.

धाकटी : भांडणापुरतं तुमचं खरं आहे. अंधारात कोंबडीला दिसत नाही, म्हणून रात्री मारामारी होत नाही. पण सकाळ होतेच ना? मग दाण्यावरून सुरू होतं. रक्ताचा एक थेंब दिसला की सगळ्या त्याच जागी टोचतात.

थोरली : ते दोन दिवस चालतं. पुन्हा आपापलं ठरवून घेतात. आपण मधी पडायचं न्हाई.

हे ‘आपापलं ठरवून घेणं’ थोरलीनं पाहून पाहून ओळखलं आहे. शास्त्रात ते आणलं नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरूप-एब्बे यानं, शंभरेक वर्षांपूर्वी. लहानपणापासून तो कोंबड्यांवर नजर ठेवून असे. कोण कुणाला टोचते आणि कोण मुकाट्यानं बाजूला होते, याची उतरंड प्रत्येक कळपात पक्की असते, हे त्यानं दाखवलं. नवी कोंबडी आली की ती उतरंड मोडते आणि पुन्हा नव्यानं रचावी लागते. पळायला जागा आणि दाण्याला दोन-तीन ठिकाणं असली तर हे फारसं रक्त न सांडता होतं. अरुंद खुराड्यात मात्र एखादीचा जीवही जातो. थोरली आणि धाकटी यांचं इथपर्यंत फारसं वाकडं नाही. खरी ठिणगी पुढं पडते.

धाकटी : भांडणाची मला तेवढी काळजी नाही. भीती आहे ती रोगाची. बाजारात पाच गावच्या कोंबड्या एका पाटीत, पाय बांधून, एकमेकींच्या अंगावर. त्यातली कुणाच्या घरून काय घेऊन आली, कुणाला ठाऊक?

थोरली : मला ठाऊक. म्या डोळे झाकून घेत न्हाई. आधी तुरा बघते, लालबुंद पायजे. डोळ्यात फेस नको. छातीचं हाड हाताला सुरीवानी लागलं तर ती आतून खंगलेली. शेपटीखालची पिसं चिकटलेली दिसली तर हगवण. ढुंगणापाशी दोन हाडं असतात, त्यांच्यात तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आलेली, एकच मावलं तर अजून अवकाश हाय. अन् इकणारे काय कमी असतात? पाण्यात कालवलेलं पीठ चारून गळ्याची पिशवी टम्म करतात, वजन भरावं म्हणून. तीबी दाबून बघते.

धाकटी : एवढी पारख आमच्या प्रशिक्षणातही कुणी दाखवली नाही, हे मान्य. पण आक्का, मानमोडी लागल्यावर कोंबडी त्याच दिवशी मान टाकत नाही. दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत रोग आत दडून राहतो, बहुतेक वेळा पाच-सहा दिवस. तेवढ्यात ती दाणा खाते, तुरा लाल दिसतो, तुमच्या सगळ्या परीक्षा पास होते.

थोरली : अन् मग?

धाकटी : मग तुमच्या खुराड्यात हिरवट-पांढरी हगवण सुरू होते, धाप लागते, मान पिळवटते. आणि एक दुखणं तर याहून फसवं. घशात घुरघुर करणारं सर्दीचं. त्यातून कोंबडी बरी होते, पण रोग अंगात ठेवून. आपल्याला धडधाकट दिसते आणि दुसऱ्यांना लावत राहते. दिवसा कालव्यात घुरघुर ऐकू येत नाही. रात्री सामसूम झाल्यावर डालग्याला कान लावला तर कळते. यासाठीच वेगळी ठेवायची.

थोरली : वेगळी तर म्याबी ठेवते. पायाला चिंधी बांधून तीन दिवस खुंट्याला. घर ओळखायला लागली की सोडायची. न्हाई तर जाते परत बाजाराच्या वाटंनं.

धाकटी : खुंटा कुठं आहे? अंगणात, जुन्यांच्या मधोमध. बांधलेलीला पळताही येत नाही, म्हणजे मारही खायचा. पाण्याचं गाडगं एकच. हगवण एकाच मातीत. ती घर ओळखते तोवर रोगानं अख्खं घर ओळखलेलं असतं.

थोरली : मग किती दिवस म्हणतेस तू?

धाकटी : निदान तीन आठवडे. आणि अंगणाच्या पलीकडे, माझ्या गोठ्यात.

थोरली : एकवीस दिवस! तेवढ्यात रवणीवरची कोंबडी पिल्लं काढून उठती!

धाकटी : मग तेच माप धरा. नवी आली की एक रवण वेगळी.

इथं थोरली गप्प बसेल असं वाटतं, पण ती बसत नाही. तिचा पुढचा मुद्दा वेळेचा नाही, पैशाचा आहे. आणि तो तिला कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय पाठ आहे.

थोरली : कोंबडी म्या हौसंनं आणत न्हाई. आखाडात कोंबडीला भाव येतो, तवा इकायची. श्रावण लागला की कुणी खात न्हाई, भाव पडतो, तवा घ्यायची. दसरा-दिवाळीपर्यंत अंड्यावर येती. तुझं एकवीस दिवस दोनदा धरले तर मव्हा हंगाम गेला.

धाकटी : श्रावणात स्वस्त मिळते, आणि श्रावणातच सगळीकडं ओल असते. ओल्या मातीत रक्ती हगवणीचे जंतू जोर धरतात. लहान तलंग त्यात आधी जाते. पडत्या भावात घेतलेली कोंबडी मेली तर ती किती महाग पडली?

थोरली : अन् गेल्या साली तू आणलास तो सरकारी गट? त्याचं काय झालं ते सांग की.

धाकटी : सांगते. गिरिराज जातीच्या, आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर, निम्मं अनुदान.

थोरली : मव्ह्या जुन्या सहा, तुझ्या नव्या अठ्ठावीस. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! घार आली तर मव्ही गावठी तुळशीखाली शिरती. तुझ्या त्या गिरिराज वर मान करून बघत बसल्या.

धाकटी : जड अंगाच्या आहेत, उडता येत नाही, खरं आहे. खुडूकही क्वचितच होतात, म्हणून रवणीला तुमचीच गावठी लागते. पण वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देतात; तुमची साठीच्या पुढं जाते का? आणि माझ्या काही मेल्या त्या घारीनं नाही मेल्या. गाडीतून आल्या, दमलेल्या होत्या, त्याच संध्याकाळी तुमच्या कोंबड्यांत मिसळल्या. तुमच्या जुन्यांना या मातीतले जंतू सवयीचे. माझ्यांना नवे. म्हणजे रोग आणला तो नव्यांनीच असं नाही, घरच्यांनीही दिला.

थोरली : म्हणजे आता दोष मव्ह्या कोंबड्यांचा?

धाकटी : दोष कुणाचाच नाही. वेगळं ठेवायचं ते नवीला सोवळ्यात ठेवायला नाही. दोघींना एकमेकींपासून सांभाळायला. शेवटचा आठवडा जाळीआडून एकमेकींना दिसू द्यायच्या, मग तुमच्या पद्धतीनं अंधारात सोडायच्या. तेव्हा तुमचीच युक्ती कामाला येईल.

थोरली : बरं बोलतेस. पण एक सांग. मुरुंब्याला झालं ते काय कुणी बाजारातून तलंग आणली म्हणून झालं?

मुरुंबा याच जिल्ह्यातलं, परभणी तालुक्यातलं गाव. जानेवारी २०२१ मध्ये तिथं एका बचतगटाच्या पोल्ट्रीत आठ-नऊशे कोंबड्या पटापट मेल्या. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं नमुने तपासून बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केलं. एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारून पुरण्याचा आणि दहा किलोमीटरच्या टापूत खरेदी-विक्री थांबवण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्रानं हे त्याआधी २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात पाहिलं होतं; देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथंच.

धाकटी : नाही. त्या साली रानपाखरांवर संशय होता. उडत्या पाखराला तुमचं डालगं आणि माझं डालगं, दोन्ही अडवू शकत नाहीत. पण पाखरानं एका गावात टाकलेला रोग दुसऱ्या गावात नेतो तो माणूस. चपलेच्या तळव्याला, पाटीला, पाय बांधलेल्या कोंबडीच्या अंगावर.

थोरली : आता खरं बोललीस. तर ऐक. बाजारात रोग येतो कुठून? आपल्यातूनच. एखादीनं मान टाकली की बाई काय करती? चांगल्या दिसणाऱ्या उरलेल्या पाटीत घालती अन् आधी बाजार गाठती. चार पैसे सुटले तर सुटले. म्याबी नेलेल्या हायत, आपल्या सासूनंबी नेलेल्या हायत. त्या कुणीतरी घेतल्याच ना? तिनं घरी नेऊन खुराड्यात सोडल्या. तुव्ही ती पुस्तकं घेणाऱ्या बाईला शहाणं करतात. इकणारीचं काय?

धाकटी : हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

थोरली : शिकवणार कोण? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत न्हाई, पण भाव मिळेस्तोवर झाकायचं, असा रिवाज हाय.

धाकटी : मग आजार दिसला की दवाखान्यात कळवायचं, बाजारात न्यायचं नाही. बर्ड फ्लूत तर सरकार भरपाईही देतं.

थोरली : किती?

धाकटी : २०२१ ला ठरलेला दर होता तो सांगते. अंड्यावरची, आठ आठवड्यांच्या पुढची कोंबडी नव्वद रुपये. लहान पिल्लू वीस. अंडं तीन रुपये.

थोरली : नव्वद! गावठी कोंबडी आज चारशे-पाचशेच्या खाली कुणी देतं का? अन् तेबी सरकारनं मारली तर. आपोआप मेली तर?

धाकटी : आपोआप मेलेलीचे मिळत नाहीत. मानमोडीनं मेली तर अजिबात नाही.

थोरली : म्हणजे खरं सांगणारीनं नुकसान सोसायचं अन् झाकणारीनं पैसे घ्यायचे. मग तुझं एकवीस दिवस कोण पाळणार? मव्ही नवी म्या गोठ्यात ठेवीन. शेजारणीची नवी तिच्या अंगणातून उकिरड्यावर येणारच. उकिरडा गल्लीचा. मव्ह्या जुन्या दिवसभर तिथंच. मग तुझ्या गोठ्यातल्या मव्ह्या दोघींना सांभाळून काय फायदा?

थोरलीचा हा सवाल वादाच्या मुळाशी जातो. परसातली कोंबडी सकाळी सुटते ती गल्लीची होऊन. कुंपण घातलेल्या पोल्ट्रीत एक मालक ठरवतो आणि दार बंद करतो. इथं दारच नाही. एका घरानं नियम पाळला आणि बाकीच्यांनी नाही, तर पाळणारीचे फक्त कष्ट वाढतात. म्हणून नवी कोंबडी आणायची कशी, याचं उत्तर एका खुराड्यापुरतं देता येत नाही. धाकटीच्या पिशवीतली लसही नेमकं हेच सांगते.

धाकटी : लसीचंही तसंच आहे, आक्का. मानमोडीची मोठ्या कोंबडीला द्यायची लस येते शंभर-शंभर डोसांच्या बाटलीत. गोळी सलाइनमध्ये विरघळवली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. तुमच्या सहा कोंबड्यांसाठी बाटली फोडली तर बाकीची फेकायची. म्हणून एका घरापुरती ती होतच नाही. चौदा-पंधरा घरांनी एकाच दिवशी, पहाटे खुराडी उघडायच्या आधी कोंबड्या धरून ठेवायला हव्यात. एकदा सुटल्या की कुणाच्या बापाला सापडत नाहीत.

थोरली : पिल्लांनाबी तीच?

धाकटी : नाही, पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब. ही टोचायची लस आठ आठवड्यांच्या पुढं. आणि टोचल्या टोचल्या गुण येत नाही, अंगात ताकद यायला दहा-पंधरा दिवस जातात. म्हणून जुन्यांना आधी टोचायची, मग नवी आणायची. नवी वेगळी आहे तोवर तिलाही टोचायची. उन्हाळ्याच्या तोंडाला साथ येते, त्याच्या आधी गल्लीचं सगळं उरकलं पाहिजे.

थोरली : पंधरा घरं म्हणतेस. तुझं ऐकणार कोण? तू कालची आलेली. म्या सांगते सगळ्यांना. पण लस टोचून भागणार न्हाई. बाजारात न्यायचं बंद करायचं असंल तर मरणारीच्या घरी काहीतरी गेलं पायजे.

धाकटी : गटातून पैसे? गटाच्या बायका कोंबडीसाठी तयार होणार नाहीत.

थोरली : पैसे कशाला? जिच्या कोंबड्या रोगानं मेल्या अन् जिनं उरलेल्या बाजारात नेल्या न्हाईत, तिला साथ गेल्यावर गल्लीनं घरटी एकेक पिल्लू द्यायचं. पंधरा घरं, पंधरा पिल्लं. सहा महिन्यांत खुराडं उभं राहतं. पूर्वी कोंबडी बटईनं देतच होतो की. पिल्लं निघाली की निम्मी तुव्ही, निम्मी मव्ही. तसंच हे.

धाकटी : आणि झाकून नेलीच एखादीनं तर?

थोरली : तिला पिल्लू न्हाई. गल्लीला कळतंच. कुणाच्या खुराड्यात किती हायत, हे सगळ्यांना पाठ असतं.

धाकटी : पण ती पिल्लंही एकदम सोडायची नाहीत. पंधरा घरची पंधरा पिल्लं म्हणजे पंधरा घरचे जंतू. आधी खुराडं झाडून, राख-चुना मारून काही दिवस रिकामं ठेवायचं. फटीतल्या गोचिडी रात्री निघून अंगावर चढतात, त्या उपाशी मरत नाहीत लवकर. मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर फेकायच्या नाहीत, खोल पुरायच्या. मग पिल्लं आणायची, तीही…

थोरली : एक रवण वेगळी. कळलं मला. पण बाकीच्या गावांचं काय? आपल्या गल्लीनं इकली न्हाई, म्हणून दुसऱ्या गावची रोगट कोंबडी बाजारात यायची थांबत न्हाई.

धाकटी : थांबत नाही. म्हणूनच घेणारीला एकवीस दिवस आणि विकणारीला पंधरा पिल्लं, दोन्ही लागतात. नुसतं एक करून भागलं असतं तर तुमची पारखच पुरली असती.

थोरली : पारख तर म्या सोडणारच न्हाई. बोटं घालून बघितल्याशिवाय कोंबडी घेणार न्हाई. बरं, ह्या दोन तलंगा तुझ्या गोठ्यात ने. डालगं मव्हं, दाणा मव्हा. रात्री कान लावायचं काम तुझं. अन् उद्या पहाटे चल मव्ह्यासंगं, कोपऱ्यावरच्या घरापास्नं सुरू करू. तिच्याकडं वीस हायत, अन् ती कुणाचंच ऐकत न्हाई.